दुसरे पत्र



जीमेलवरून ईमेल पाठवला की खाली काही सेकंद ‘अनडू’ हा शब्द दिसतो. त्यावर बोट ठेवले तर ईमेल थांबतो. ही मुदत सुरुवातीला ५ सेकंदांची असते. संगणकावर सेटिंग्ज उघडून ‘अनडू सेंड’समोर १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. मंडळीचे ईमेल पाठवणाऱ्या प्रत्येकाने आजच ३० निवडावेत, ही माझी विनंती. मात्र या मुदतीत गेलेले पत्र परत येते असे नाही. ते अजून निघालेलेच नसते, जीमेलने रोखून धरलेले असते. एकदा ते निघाले की आपल्या हातात काही राहत नाही.

मग एकतिसाव्या सेकंदाला विश्वासणाऱ्याने काय करावे?

निपाणीच्या बाजूच्या एका मंडळीत मागच्या पावसाळ्यात हा प्रश्न खरोखर उभा राहिला. तिथल्या सचिवकाकांना मदतनिधीची यादी कमिटीच्या सात जणांना पाठवायची होती. पहिली दोन अक्षरे टाइप करताच चुकीचा पत्ता पुढे आला आणि यादी सगळ्या मंडळीला गेली. तिच्यात चार घरांची नावे होती, दिलेली रक्कम होती आणि कारणेही होती. कुणाची औषधे, कुणाची शाळेची फी, कुणाचे तंबाखूच्या वखारीतले काम सुटलेले. आमच्या मंडळीचे ईमेल मी बघते म्हणून काकांनी रात्री फोन केला. “ताई, मागं घेता येतंय काय बघा की ओ,” एवढेच ते बोलू शकले.

मागे घेता येत नव्हते.

अशा वेळी गप्प बसावेसे वाटते. पुष्कळ लोक ईमेल उघडतच नाहीत, मग मुद्दाम लक्ष कशाला वेधायचे? पण एखाद्याने तरी वाचलेले असते. आणि त्या चार घरांना ही गोष्ट नळावर किंवा बाजारात शेजाऱ्याच्या तोंडून कळली असती. न दिसणारी चूक अशीच वाढत जाते.

पवित्र शास्त्रात एस्तेरच्या पुस्तकात मागे न घेता येणाऱ्या एका पत्राची गोष्ट आहे. हामानाने राजाच्या नावाने लिहिलेले, राजाच्या अंगठीची मोहोर असलेले पत्र हिंदुस्थानापासून कूशपर्यंत १२७ प्रांतांत गेले. ते चुकून गेले नव्हते, द्वेषाने गेले होते. पण पुढची अडचण तीच. एस्तेर राजाच्या पाया पडून रडली, तरी अशी मोहोर लागलेले लिखाण रद्द करण्याची सोय नव्हती. तेव्हा मर्दखयाने राजाच्या नावाने दुसरे पत्र लिहिले. पहिले पत्र पहिल्या महिन्याच्या १३ व्या दिवशी लिहिले गेले होते, दुसरे तिसऱ्या महिन्याच्या २३ व्या दिवशी. म्हणजे दोन महिने दहा दिवस मागे राहिलेले सत्य जलद घोड्यांवरून धावले आणि त्याच सर्व प्रांतांत पोहोचले.

आठव्या अध्यायातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दोन्ही पत्रे प्रत्येक लोकांच्या लिपीत आणि भाषेत लिहिली होती. पण दुसऱ्या पत्राच्या वेळी यहूद्यांचा वेगळा उल्लेख आहे. त्यांनाही त्यांच्याच लिपीत, त्यांच्याच भाषेत लिहिले गेले. ज्यांच्यावर घाव होता, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती त्यांच्या भाषेत गेली. आपल्या सीमाभागात, जिथे एका बाकावर मराठी आणि कन्नड शेजारी बसतात, तिथे हे कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच रात्री काकांचे दुसरे पत्र गेले. चार ओळी मराठीत, चार कन्नडमध्ये. ते नव्या विषयाने लिहिले, कारण जुन्या ईमेलला उत्तर दिले असते तर त्यातली नावे पुन्हा सर्वांच्या समोर आली असती. चूक माझी आहे, कृपया तो ईमेल पुसून टाकावा, पुढे कुणाला पाठवू नये, इतकेच त्यात होते.

सकाळी काका आणि पाळकसाहेब त्या चारही घरी गेले. एक घर कन्नड बोलणारे होते. काकांचे कन्नड बाजारहाटापुरतेच, तरी क्षमा त्यांनी कन्नडमध्येच मागितली. दुसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्या, “लोकांनी वाचलं ते वाचलंच. पण तू दारात आलास की रे बाळा.” चौथे घर मात्र अजून उपासनेला येत नाही. काका दर आठवड्याला त्यांच्या दारापर्यंत जातात. दुसऱ्या पत्राने पहिले पुसले जात नाही. एस्तेरच्या काळीही पुसले गेले नव्हते.

प्रभूने सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. जावे, असे प्रभू म्हणतो. ईमेलने झालेली जखमसुद्धा शेवटी पायी चालत जाऊनच बांधावी लागते.

आणि ज्यांच्याकडे असा ईमेल येतो, त्यांचीही एक सेवा आहे. नोहाची लाज झाकायला शेम आणि याफेथ पाठमोरे चालत गेले, त्यांनी पाहिले नाही. जे आपल्यासाठी नव्हते ते न वाचता पुसणे म्हणजे तसेच पाठमोरे चालणे होय.

हे प्रभू, आमच्या चुका लपवण्याची बुद्धी आम्हांला देऊ नकोस. चूक जितकी दूर गेली तितके दूर क्षमा मागत जाण्याचे बळ दे, आणि जे दार अजून बंद आहे त्याच्यापाशी धीराने उभे राहायला शिकव. आमेन.