तेरावा माणूस

इब्न फजलान हे नाव मला ना शाळेच्या पुस्तकात भेटलं, ना मदरशात. ते भेटलं एका सपाटून पडलेल्या हॉलिवूडपटात. 'द थर्टीन्थ वॉरियर' हा तो सिनेमा. १९९९ साली आला आणि लगेच विसरलाही गेला. कॉलेजात असताना मी तो भाड्याच्या सीडीवर पाहिला होता, तो निव्वळ तलवारबाजीसाठी. मागच्या महिन्यात मुलासोबत पुन्हा पाहिला. तलवारी तशाच आहेत, पण या वेळी माझं लक्ष भलतीकडेच होतं.

गोष्ट साधी आहे. बगदादच्या दरबारातला कवी अहमद इब्न फजलान दुसऱ्याच्या बायकोवर जीव जडवून बसतो आणि खलिफा त्याला दूत म्हणून दूर उत्तरेला धाडून देतो. वाटेत त्याला नॉर्स लोकांचा तांडा भेटतो. त्यांच्या देशात धुक्यातून येऊन माणसं खाणारे 'वेंडोल' मातलेत. म्हातारी भविष्यवेत्ती हाडं टाकून सांगते की तेरा योद्धे हवेत, आणि तेरावा उत्तरेतला नसावा. मग काय, कलमीबहाद्दर आपला अरब घोड्यावर बसून निघतो.

दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन, म्हणजे 'डाय हार्ड' आणि 'प्रिडेटर'वाला. मूळ कादंबरी मायकल क्रायटनची, १९७६ सालची. 'बेवुल्फ' हे जुनं इंग्रजी महाकाव्य रंजक करून दाखवण्याच्या पैजेतून ती लिहिली गेली. सिनेमा तयार झाल्यावर चाचणी प्रेक्षकांना आवडला नाही. मग क्रायटनने स्वतः काही भाग पुन्हा चित्रित केला, संगीत बदललं, नावही बदललं. हे शिवणकाम पडद्यावर दिसतं. एक प्रेमप्रकरण सुरू होतं आणि मध्येच गळून जातं, शेवटची लढाई आटोपती घेतलेली वाटते. अफाट पैसा ओतलेल्या या सिनेमाने जगभरात जेमतेम सहा कोटी डॉलर कमावले. ओमर शरीफ यात चार घटका दिसतात. या कामानंतर असल्या पोटापाण्याच्या भूमिका आता पुरे, असं ते उघडपणे म्हणाले होते.

तरीही मी हा सिनेमा पदरात घेतो. कारण सांगतो.

नव्वदच्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये अरब माणूस म्हणजे बॉम्बवाला, नाहीतर तेलवाला शेख. इथे तो नायक आहे, आणि नायक आहे तो डोक्यामुळे. वेंडोल हे भूत की अस्वल, या भीतीने बाकीचे गारठलेले असतात. मेलेला वेंडोल जवळून पाहून आपला माणूस म्हणतो, अरे, ही तर माणसं आहेत. ती अस्वलासारखी वागतात, तर अस्वलासारखीच गुहेत राहत असतील, हाही तर्क त्याचाच. डोंगरावरून उतरणारा 'अग्निसर्प' म्हणजे मशाली घेतलेल्या स्वारांची रांग, हेही त्याच्याच डोळ्यांदेखत उलगडतं. जादूटोण्याच्या सिनेमात जादूचा बुरखा फाडणारा माणूस मुसलमान असावा, हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता माझ्या आवडीचा प्रसंग. रोज रात्री शेकोटीभोवती नॉर्स लोक गप्पा मारतात. हा कोपऱ्यात बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. हळूहळू त्या अनोळखी आवाजांत एखादा ओळखीचा शब्द उमटतो, मग दोन, मग वाक्य. एके रात्री कुणीतरी त्याच्या आईवरून काहीबाही बोलतं आणि हा त्यांच्याच भाषेत सणसणीत उत्तर देतो. आमची भाषा कुठे शिकलास? त्याचं उत्तर एवढंच, की मी ऐकत होतो.

माझा मुलगा टाळी वाजवून हसला. मीही हसलो, पण मला माझ्या जुन्या ऑफिसातला एक सहकारी आठवला. पहिल्याच दिवशी तो कौतुकाने म्हणाला होता, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! कसं काय जमवलंत?" असा प्रश्न मराठी मुसलमानाला आयुष्यात किती वेळा विचारला जातो याची मोजदाद आम्ही केव्हाच सोडली. इब्न फजलान पाहुणा होता, त्याला भाषा ऐकून शिकावी लागली. मीही ऐकूनच शिकलो, पण अम्मीच्या मांडीवर. जात्यावर बसलेल्या नानीकडून, शेतात बैलाला हाका मारणाऱ्या अब्बांकडून. जगातलं प्रत्येक मूल असंच शिकतं. तेराव्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं, कारण प्रश्न फक्त त्यालाच विचारला जातो.

सिनेमाला सगळंच जमलंय असं नाही. शेवटच्या लढाईआधी इब्न फजलान गुडघ्यावर बसून दुआ मागतो. पुढची काही मिनिटं नीट जगता येऊ दे, एवढंच त्याचं मागणं. दुआ सुंदर आहे, पण तिची सुरुवात 'दयाळू पित्या' अशी! अल्लाहला बाप म्हणणारा मुसलमान कुणी पाहिलाय का? लिहिणाऱ्याने चर्चमधली प्रार्थना उचलून अरबाच्या तोंडी घातली, आणि एवढ्या मोठ्या फौजेत त्याला टोकणारं कुणी नव्हतं. मधाच्या दारूचाही एक विनोद आहे. द्राक्षाचं आणि गव्हाचं मला चालत नाही, असं हा म्हणतो. त्याचा दोस्त हर्गर हसून सांगतो की हे मधाचं आहे. मौलाना मंडळी कपाळाला हात लावतील, पण फिकहच्या किताबांत या बारकाव्यावर खरोखरच जुना वाद झालेला आहे.

खरा इब्न फजलान कवीही नव्हता आणि लढवय्याही. खलिफा मुक्तदिरने ९२१ साली व्होल्गाकाठच्या बल्गारांच्या राजाकडे पाठवलेल्या शिष्टमंडळातला तो माणूस. राजाला दीनची तालीम हवी होती आणि किल्ला बांधायला पैसे. पैसे पोचलेच नाहीत, बोलणी मात्र यानेच खाल्ली. त्याच्या प्रवासवर्णनाचं मोठं हस्तलिखित १९२३ साली मशहदमध्ये सापडलं. त्यात एक जागा माझ्या मनात घर करून आहे. तो बगदादहून तिकडे जाऊन राहिलेल्या एका शिंप्यासोबत तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट बघतो. अजान होते, बाहेर येऊन बघतो तर उजाडायला लागलेलं! तिथली उन्हाळी रात्र एवढीच असते.

रुस लोकांबद्दल लिहिताना तो त्यांच्या खजुराच्या झाडासारख्या उंचीचं कौतुक करतो आणि लगेच त्यांच्या घाणेरडेपणाची यादी देतो. एकाच भांड्यातलं पाणी सगळे तोंड धुवायला वापरतात, ही त्याची तक्रार सिनेमातही आली आहे. त्यांचं खाणं, त्यांचा वास, त्यांचे संडास: दुसऱ्याबद्दलची ही यादी आपल्या ओळखीची आहे. एरवी आपण त्या यादीत असतो, इथे ती आपल्याच माणसाने केलीय. पण त्याच पुस्तकात, तुम्ही अरब लोक मूर्ख, आपल्या प्रिय माणसाला मातीत किड्यांच्या हवाली करता, हे एका रुसचं बोलणंही त्याने जसंच्या तसं लिहून ठेवलंय. मला त्याचा मोठेपणा तिथे दिसतो. ज्याला नावं ठेवली, त्याचंही म्हणणं त्याने नोंदवलं.

सिनेमाने नेमका हाच धागा पकडला. नॉर्स सरदार बुलीवाइफ त्याला विचारतो, तुला आवाज रेखाटता येतात का? हा काठीने वाळूत कलमा लिहितो. पुढे बुलीवाइफ त्याच रेघा स्वतः मातीत ओढून बघतो. तो ईमान आणत नाही, आणि हाही त्याला तसं म्हणत नाही. मरण्याआधी बुलीवाइफ त्याच्याकडे एवढंच मागतो, की माझी गोष्ट कुणीतरी लिहावी.

आणि निरोपाच्या वेळी हर्गर म्हणतो, तुमच्याकडे एक देव पुरत असेल, आम्हाला पुष्कळ लागतात. त्या सगळ्यांना मी तुझ्यासाठी साकडं घालीन, राग मानू नकोस. आपला माणूस म्हणतो, मी तुझा ऋणी राहीन.

आमच्या गल्लीत असा संवाद अजूनही होतो. आजारी अम्मीसाठी शेजारच्या काकूंनी नवस बोलला होता, तो फेडायला त्या अनवाणी गेल्या. अम्मीने त्यांच्या पायांना तेल लावलं.