पेरणी आणि पीक

कॅरेसाहेब १७९३ सालीं बंगाल्यांत उतरले. पहिल्या हिंदूचा, कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा, बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरांत. सात वर्षांची जमा शून्य! आम्हां हिशेबी माणसांनीं असलें दुकान केव्हांच गुंडाळलें असतें. पुढें १८१२ च्या मार्चांत श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कित्येक वर्षांच्या श्रमांचीं हस्तलिखितें राख झालीं. १८०५ त मराठीचें व्याकरण छापणारा हा गृहस्थ तेव्हां पन्नाशीचा होता. पेरणी आपली, पीक देवाचें, असें प्रवचनांत मीं पुष्कळदां ऐकलें आहे. ऐकावयास तें सोपें वाटतें. पण जळलेलें भाषांतर पुनः पहिल्या ओळीपासून लिहावयास बसतांना त्यांनीं लेखणी कशी उचलली असेल, हेंच मला राहून राहून वाटतें.