पुराचे रान

दर पावसाळ्यात काझीरंगाची तीच छायाचित्रे छापून येतात: गळ्याइतक्या पाण्यातला गेंडा, उंचवट्यावर दाटीने उभी हरणे. बघणाऱ्याचा जीव कळवळतो, हे पाणी अडवायला हवे असे वाटते. पण आसामातले हे गवताळ रान ब्रह्मपुत्रेनेच घडवले आहे, आणि दरसाल येऊन ती ते नव्याने घडवते. तिचा गाळ इथली जमीन झाला. तिने सोडलेल्या पात्रांची तळी झाली. तिकडे त्यांना बील म्हणतात. बिलांवर जलपर्णी पसरत जाते, इतकी की खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही. पुराचे पाणी आत शिरते, ते जाळे उपटून नेते आणि जाताना माशांची पिल्ले मागे ठेवते. पाणी ओसरले की पात्यांवर गाळाचा पातळ थर वाळतो, बोटांत चुरला तर पिठासारखा उडतो. त्याच्याच खालून कोवळे कोंब वर येतात. 2022 च्या गणनेत इथे 2613 गेंडे मोजले गेले, ते या गवतावर जगतात. हिवाळा सरताना वनखाते वाळलेले गवत जाळते, मग यात निसर्ग कुठे राहिला, असे कोणी विचारील. माणसाची काडी नाकारण्याचे कारण नाही. पण पूर आणि आग मिळून झाडोऱ्याला रोखतात; दोन्ही थांबली तर सावरीसारखी झाडे गवतात शिरतील. रान तेव्हाही असेल, गेंड्याचे नसेल.

मोठा आक्षेप मरणाऱ्या जनावरांचा आहे. 2017 च्या पुरांत ती शेकड्यांनी दगावली, आणि सृष्टीचा नियम म्हणून हे झटकून टाकणे मला निर्दयपणाचे वाटते. मात्र पाणी चढू लागले की जनावरे कुठे निघतात ते पाहावे: दक्षिणेला, कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे. त्या जुन्या वाटेत आज महामार्ग आडवा आहे; कडेला हॉटेले, वस्त्या, चहाचे मळे. पुराच्या दिवसांत गाड्यांना वेळेची चिठ्ठी देतात. दुसऱ्या टोकाला फार लवकर पोचला तो वेगमर्यादा मोडून आला, हे त्यावरून कळते. उद्यानात मातीचे उंच भराव घातले आहेत, त्यांनी जीव वाचतात, ते हवेतच. पण भराव ही तग धरण्याची जागा आहे. डोंगराची सर त्याला नाही.

नदी काठही कापते, हे खरे. 1950 च्या भूकंपानंतर तिच्यात प्रचंड गाळ आला, तळ उंचावला, पाणी बाजूंना फाकू लागले. 1974 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जमिनीचे लचके ती आजही तोडते. पण तीच पात्रात नव्या चापरी, म्हणजे वाळू-गाळाची बेटे उभारते. त्यांवर गवत येते, गवतामागे जनावरे येतात. बांध घालून तिचे घेणे थांबवले तर हे देणेही थांबेल. सोडवायची आहे ती दक्षिणेची वाट. कांचनजुरी, हलदीबारी, पानबारी हे मार्ग अजून पुरते मिटलेले नाहीत. पुराच्या रात्री तिथे हरणे रस्त्याकडेच्या अंधारात ओल्या अंगाने थांबतात, गाड्यांचे दिवे सरेपर्यंत.