हाकेच्या अंतरावर

पुण्याहून मुंबईकडे निघालेली एस.टी. पनवेल मागे टाकून सायन-पनवेल महामार्गाला लागली, की नेरूळपाशी एक भलीमोठी गोलाकार इमारत दिसते. हेच डी. वाय. पाटील स्टेडियम. २००८ मध्ये ते उभं राहिलं तेव्हा क्रिकेटवाल्यांना त्याचं सर्वात मोठं कौतुक होतं ते छपराचं. छप्पर आहे, पण मधे एकही खांब नाही. त्यामुळे कुठेही बसा, समोर आडवं काही येत नाही. हा खांबाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

नवी मुंबई म्हटलं की आपल्याला सिडको आठवते, आखीव सेक्टर आठवतात. पण नेरूळ, शिरवणे, जुई, दारावे ही मूळची आगरी-कोळ्यांची गावं. खाडी, भातखाचरं आणि मिठागरं असा इथला संसार होता. सिडको १९७० साली स्थापन झाली, १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली आणि पुढे सरकत नेरूळ-बेलापूरला पोचली. आज हार्बर लाइनवर उतरलात तर स्टेशनच्या डोक्यावरच कचेऱ्या आणि दुकानं, खाली भाजीवाल्या. जुन्या गावठाणांतून सकाळी मासळीचा बाजार अजून भरतो. अशा ह्या ठिकाणी जानेवारी २०२५ मध्ये मी साताऱ्याहून गेले, ती ना नातेवाइकाच्या लग्नाला, ना दवाखान्याच्या कामाला. गेले ती कोल्डप्लेला पाहायला!

तुमच्यापैकी कित्येकींनी हे नाव मुलांच्या तोंडून ऐकलं असेल. आमच्याकडे मात्र प्रकार उलटा. मुलं दुसरंच काहीतरी ऐकतात आणि कोल्डप्लेचं वेड मला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या चार मुलांनी नव्वदीच्या उत्तरार्धात हा बँड काढला. ख्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो, जॉनी बकलंड गिटार, गाय बेरीमन बेस गिटार आणि विल चँपियन ड्रम. २००० साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली, ‘पॅराशूट्स’. तिची कॅसेट मी कॉलेज संपता संपता घेतली आणि लग्नात रुखवताबरोबर नाही तरी बॅगेच्या तळाशी ती सासरी आली. सगळे शब्द समजायचे असं नाही. पण पोळ्या लाटताना हात आपोआप त्या ठेक्यावर चालायचे.

ह्या मंडळींचं आपल्या मुलखाशी एक नातं आहे, ते कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. २०१६ साली त्यांच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ ह्या गाण्याची चित्रफीत आली. तिच्यात चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला वसईचा किल्ला आहे, मुंबईतलं वरळी गाव आहे, बियॉन्से आहे आणि सोनम कपूरही दिसते. चित्रफीत देखणी आहे, पण माझं मत विचाराल तर जरा जास्तच देखणी. साधू, होळीचे रंग, मोर... परदेशी पाहुण्याला आपण दिवाणखाना दाखवतो तसा हा हिंदुस्थान. आपलं माजघर त्यात नाही. तरी वसईची ती काळी भिंत पाहून मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या होत्या, हे कबूल.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला ते मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर येऊन गेले. नोटबंदी होऊन अकरा दिवस झाले होते! घरात दुधाच्या पैशांची पंचाईत, तिथे गाण्याचं नाव कोण काढणार? ती संधी गेली.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटं निघाली. एक कोटीहून जास्त लोक एकाच वेळी संगणकाच्या रांगेत उभे असल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं हां हां म्हणता संपली आणि काळ्या बाजारात त्यांचे लाखांचे भाव झाले. एवढ्या पैशांत मुलाची वर्षाची फी निघते. मी ते स्वप्न गुंडाळून ठेवलं होतं. पण ह्या बँडची एक चांगली पद्धत आहे. दर कार्यक्रमाची थोडी तिकिटं ते अगदी स्वस्तात ठेवतात. आपल्याकडे त्यांचा दर होता २,००० रुपये. ती नोव्हेंबरमध्ये निघाली. अट अशी, की तिकिटं जोडीनंच घ्यायची, एका माणसाला दोनच, आणि जागा कुठली ते कार्यक्रमाच्या दिवशी तिकीट हातात पडेल तेव्हाच कळणार. अगदी स्टेजच्या पायाशी मिळेल नाही तर पार वरच्या माळ्यावर. म्हणजे प्रसादाची पुडीच म्हणा ना. ती जोडी मला लागली!

आता दुसरं तिकीट कोणाचं? हे म्हणाले, “चार तास तो दणदणाट? त्यापेक्षा मी घरी भांडी घासतो.” (घासली, बरं का.) शेवटी माझ्या नणंदबाई तयार झाल्या. त्या जुईनगरला राहतात, त्यामुळे मुक्कामाचीही सोय झाली. वन्संचं गाणं म्हणजे बाबूजी आणि मालतीबाई पांडे, त्यापुढे नाही. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बसायला खुर्ची असेल ना?”

खरं सांगू? तिकीट मिळाल्यावर आनंद झाला आणि मागोमाग एक धास्तीही वाटू लागली. पंचवीस वर्षं जे कानांत आणि मनात जपलं, ते डोळ्यांसमोर आल्यावर फिकं पडलं तर? दुरून डोंगर साजरे हे आपल्याला घरोघरी पटलेलं आहे. नटनट्यांना जवळून पाहून आलेल्या बायका “अगं, काहीच नाही गं तिच्यात” असं म्हणताना मी ऐकलंय. माझं हे एवढंच एक खास स्वतःचं असं काही होतं. ते गमावून साताऱ्याला परतायचं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मोटार अजिबात नेऊ नका. जुईनगर किंवा नेरूळ स्टेशनवरून अर्धा-पाऊण तास चालावं लागतं, तेवढं चाला. चपला नकोत, बूट घाला. कानांत घालायचे बोळे किंवा निदान स्वच्छ कापूस बरोबर असू द्या. मोठ्या आवाजाला आपले कान सरावलेले नसतात, आणि लहान मुलांना नेणार असाल तर कान झाकल्याशिवाय नेऊच नका. डबा आत सोडत नाहीत, तेव्हा आधीच पोटभर जेवून निघा. आणि स्वच्छतागृहाकडे अंधार पडायच्या आत एकदा जाऊन या. पुढे रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढते.

आमची जागा निघाली मुख्य स्टेजच्या बरोब्बर समोरच्या टोकाला, खालच्या माळ्यावर. म्हणजे मधे अख्खं मैदान! खांब नसल्यामुळे दिसायला अडचण नव्हती, पण स्टेजवरची माणसं दिसणार होती मुगाच्या दाण्याएवढी. वन्सं म्हणाल्या, “अगं, हे तर टीव्हीपेक्षा लांब.” मी गप्प बसले.

आत शिरतानाच प्रत्येकाला मनगटात घालायचा एक पट्टा देतात. तो वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकचा असतो आणि जाताना परत करायचा असतो. मैदानातल्या यंत्रांतून टीव्हीच्या रिमोटच्या जातीचे न दिसणारे किरण सुटतात आणि त्या इशाऱ्यावर पट्ट्यातले दिवे रंग बदलतात. आमच्या पुढ्यात, उभ्या प्रेक्षकांच्या मागच्या बाजूला, पोरंपोरी जागेवरच सायकली मारत होती. त्यांच्या पायांतून वीज तयार होते आणि बॅटरीत साठते. नाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीनही तशीच वीज करणारी. हा दिखावा असेल असं मला वाटलं होतं. पण ह्या विजेवर कार्यक्रमातला एक छोटा भाग खरोखरच चालतो. कुठला, ते सांगतेच.

आधी जसलीन रॉयल ही आपल्याकडची मुलगी गाऊन गेली. मग अंधार पडला आणि हे चौघे आले. पट्टे एकदम पेटले. पन्नास हजारांच्या आसपास मनगटं लाल, मग निळी, मग पिवळी. वन्संनी स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “कार्तिकी पौर्णिमेची दीपमाळ गं ही!” तो देखावा वर्णन करण्याच्या पलीकडचा होता, हे खरं. पण मैत्रिणींनो, पहिला दीड तास मी बहुतेक पडद्याकडेच पाहत होते. पडद्यावर ख्रिस मार्टिनचा चेहरा दोन मजली इमारतीएवढा. मग टीव्हीवर पाहण्यात आणि ह्यात फरक काय, असा विचार मनात येत होता. एका गाण्यात त्यानं मधेच थांबून सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगितले. बहुतेकांनी ठेवले. तेवढी दोन-तीन मिनिटं माणसं नुसतीच हात वर करून नाचली. मोबाइल नसलेली इतकी माणसं एका जागी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

कार्यक्रम शेवटाकडे आला तेव्हा मुख्य स्टेज अंधारलं. आमच्या बाजूला एकच गलका झाला. लोक कठड्याकडे धावू लागले. पाहते तर आमच्यासमोर, हाकेच्या अंतरावर, एका ओट्याएवढ्या छोट्या स्टेजवर दिवा लागला होता आणि गर्दीतल्या चिंचोळ्या वाटेनं ते चौघे चालत येत होते! मागच्या लोकांना जवळून पाहता यावं म्हणून ते दर कार्यक्रमात असे मागे येतात. सायकलींची ती वीज ह्याच छोट्या स्टेजसाठी असते. म्हणजे आमच्यासमोर घाम गाळणाऱ्या त्या पोरांनी आमच्यासाठीच दळण दळलं होतं म्हणायचं.

आता तुम्ही विचाराल, जवळून कसे दिसले? सांगते. ख्रिस मार्टिनचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. दाढीत पांढरे केस होते. तो १९७७ चा, मीही १९७७ ची. पळून-उड्या मारून त्याला धाप लागली होती आणि गाण्याच्या दोन ओळींमधे तो श्वास कसा चोरून घेतो ते चक्क दिसत होतं. पडद्यावर हे कळत नाही. पण मला खिळवून ठेवलं ते ह्यानं नाही. पडद्यावर नेहमी गाणाराच दिसतो, बाकीचे तिघे कुठेतरी कोपऱ्यात. इथे चौघे एवढ्याशा जागेत, गुडघ्याला गुडघा लागेल असे उभे होते, आणि ते सगळा वेळ एकमेकांकडे पाहत होते! विलनं मान हलवली की गाय हात उचलायचा. जॉनी गिटारवरून मान वर काढायचा तो फक्त ख्रिस कुठे पोचलाय ते बघायला. ख्रिसनं मधेच एक ओळ लांबवली तर तिघांनी एका नजरेत ती सांभाळून घेतली. भाजी करपायला लागली की एक जाऊ न बोलता आच कमी करते ना, अगदी तसं.

पंचवीसहून अधिक वर्षं हेच चौघे. माणूस बदललेला नाही. गाण्यांचं श्रेयही चौघांच्या नावे असतं. आपल्याकडे चार जावांनी एका चुलीवर पंचवीस वर्षं काढली तर गावात नाव निघतं, आणि इथे तर पैसा, प्रसिद्धी, जगभरची धावपळ. माझ्या कॅसेटमधून इतकी वर्षं जे ऐकू येत होतं आणि ज्याला मला नाव देता येत नव्हतं, ते हे असावं. आवाजाची गोडी होतीच, पण तिच्याखाली हे एकमेकांना सांभाळून घेणं होतं. ते ऐकू येतं, पण दिसायला तीस पावलांवरच असावं लागतं.

मग प्रेक्षकांतले चेहरे पडद्यावर घेऊन, त्यांच्या कपड्यांवरून, हातातल्या पाट्यांवरून तो तिथल्या तिथे ओळी रचून गायला लागला. लोक हसत होते. वन्संनी पदर नीट केला. कॅमेरा इकडे वळला तर, म्हणून!

आठ-दहा मिनिटांचा खेळ तो. ते परत त्याच वाटेनं चालत मोठ्या स्टेजकडे गेले आणि पुन्हा मुगाच्या दाण्याएवढे झाले. पण आता मी पडद्याकडे पाहत नव्हते. त्या चार दाण्यांत कोण कोणाकडे पाहतोय ते मला इथूनही कळत होतं.

रात्री दहाच्या आत सगळं आटोपलं. पट्टे पेटीत टाकले. बाहेर गर्दी प्रचंड, पण ढकलाढकली नाही. पोलीस आणि स्वयंसेवक दोरी लावून वाट काढून देत होते. चालताना वन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो ड्रमवाला चांगला आहे. मोठेपण मिरवत नाही.” घरी पोचल्यावर त्यांनी पिठलं टाकलं आणि विचारलं, “ती कॅसेट आहे का अजून?” कॅसेट आहे, ती वाजवायचं यंत्र मात्र नाही. मोबाइलवर लावून दिलं.

त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. तो सामना आमच्याकडे सगळ्यांनी टीव्हीपुढे बसून पाहिला. शेवटचा झेल हरमनप्रीतनं घेतला, मुली एकमेकींच्या अंगावर धावल्या, ह्यांनी पेढे काढले. मी त्या गडबडीत प्रेक्षकांच्या खालच्या माळ्यावर आमच्या दोन खुर्च्या कुठे दिसतात का ते शोधत होते. तेवढ्यात वन्संचा फोन वाजला. त्याही तेच शोधत होत्या.