लेथवरचं बडोदं

बडोद्याला पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला. लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग, तिथल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा, संध्याकाळी सूरसागर आणि निघताना हातात लीलो चेवड्याचा पुडा. मी मात्र जमेल तेव्हा पाहुण्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नेतो. घरात यावरून माझी थट्टा होते. पाहुणेही सुरुवातीला हिरमुसतात. पत्र्याच्या शेडांच्या रांगा, दारात रचलेल्या लोखंडी पट्ट्या, कोपऱ्यावर सेव-उसळीची लारी, यात बघायचं ते काय? पण एखाद्या शेडच्या दाराशी थांबून लेथवर फिरणारा जॉब बघायला लागले की बरेच जण तिथून हलत नाहीत.

माझ्या काकांची शेड इथेच होती. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक शेपर आणि चार माणसं. आजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून होते. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ती कचेरी, ती पगडी, तो दरारा सगळं एका तारखेत इतिहासजमा झालं. पुढे १९६० मध्ये राज्यांची वाटणी झाली तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरात, पुण्याला जावं का यावर बरीच चर्चा झाली म्हणतात. गेलं कोणीच नाही. आजोबांनी धाकट्या मुलाला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला घातलं. कारकुनाच्या घरातला मुलगा हात काळे करणार, याचं आजीला वाईट वाटलं होतं. काकांना ते कधीच वाटलं नाही. भाव गुजरातीत, ड्रॉइंग इंग्रजीत आणि शिव्या मराठीत, अशी त्यांच्या शेडची भाषा होती.

गुजरात औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आमची जीआयडीसी, १९६२ सालचं. महाराष्ट्राची एमआयडीसीही त्याच वर्षाची. नव्याने वेगळ्या झालेल्या दोन्ही राज्यांना एकदमच सुचलं की उद्योजकाला रस्ता, पाणी, वीज असलेला भूखंड दिला तर बाकीचं तो बघून घेईल. बडोद्यात त्या सुमारास मोठी धेंडंही येत होती. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, मग जीएसएफसीचं खत, मग आयपीसीएल. शहराचा औद्योगिक इतिहास लिहिताना सगळे या नावांवर थांबतात. मला ते पटत नाही. रिफायनरीने बडोद्याला नकाशावर मोठं केलं हे खरं, पण माझ्या ओळखीच्या घरांतली चूल मकरपुऱ्याच्या आणि गोरव्याच्या शेडांनी पेटवली.

ट्रान्सफॉर्मरचंच बघा. बडोदं विजेच्या यंत्रसामग्रीचं गाव आहे. ज्योती लिमिटेड १९४३ ची, मग माणेजाच्या मोठ्या कंपन्या, मकरपुऱ्याची व्होल्टअँप. ट्रान्सफॉर्मरवर नाव कंपनीचं असतं, पण त्याचं अंग अनेक शेडांतून जमतं. गाभ्याचे पत्रे एकीकडे कापायचे, तांब्याच्या तारेवर कागद दुसरीकडे गुंडाळायचा, टाकी तिसऱ्याने वेल्ड करायची, रंग चौथ्याने मारायचा. काकांच्या वाट्याला फ्लँज आणि बारीकसारीक टर्निंग. एका शेडचं काम अडलं की सायकलवरून माणूस शेजारच्या गल्लीत जायचा आणि तासाभरात वाट निघायची. तयार माल तपासायलाही लांब जायला नको, कारण १९७४ मध्ये स्थापन झालेली एर्डा ही विद्युत संशोधन संस्था याच वसाहतीत आहे. हे जाळं कोणी आराखड्यात काढलं नव्हतं. एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसल्यामुळे ते विणलं गेलं.

पण नुसतं जवळ बसून हे होत नाही. भूखंड तर देशात हजार ठिकाणी पाडले गेले आणि कित्येक ठिकाणी आज बाभळी उगवल्या आहेत. बडोद्यात शेडा चालल्या, कारण त्या चालवणारे हात आधीपासून तयार होत होते. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक त्याचे पहिले मुख्य. रंगाई, छपाई, यंत्रकाम, चित्रकला असे विषय होते, आणि ते लोकांच्या भाषेत शिकवण्याचा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके इथेच शिकले, म्हणजे मराठी माणसाने या संस्थेला निदान एका कारणासाठी तरी हात जोडायला हरकत नाही. गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक सुरू केली. बँक ऑफ बडोदा त्याच्या पुढच्या वर्षीची. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी शाळा, मग कारखाना, मग बँक. जीआयडीसीचा भूखंड आला तो त्यानंतर पन्नासएक वर्षांनी. कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे आणि काकांचा डिप्लोमाही त्याच परंपरेतला.

आता मकरपुरा शहराच्या पोटात आला आहे. एकेकाळी राजघराण्याच्या हवापालटाचा वाडा होता तिथे, भोवती शिकारीचं रान. माझ्या लहानपणी माणेजापुढे शेतं होती. आज तरसालीपासून माणेजापर्यंत सोसायट्या आहेत आणि त्यातल्या लोकांना शेडांचा आवाज नको आहे. उद्योग बाहेर सरकतो आहे. दक्षिणेला पोर-रमणगामडी, पूर्वेला वाघोडिया, उत्तरेला सावलीजवळ मंजुसर. सावलीला गायकवाडीचे संस्थापक पिलाजीराव यांची समाधी आहे. १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला आणि सावलीत त्यांना अग्नी दिला. त्याच सावलीत २००८ पासून रेल्वेचे डबे बनतात. दिल्ली मेट्रोचे बरेच डबे इथले, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गाड्याही इथून जहाजाने गेल्या. कारखाना तेव्हा बोंबार्डियेचा होता, २०२१ पासून अल्स्टॉमचा आहे. आणि २८ ऑक्टोबर २०२४ ला टाटांच्या सी-२९५ विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. छप्पन्न विमानांपैकी चाळीस बडोद्यात जुळवली जायची आहेत. काका असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, ‘बोल्ट कोण देतंय?’

नव्या वसाहती मकरपुऱ्यापेक्षा रुंद, स्वच्छ आणि मुक्या आहेत. उंच कंपाउंड, गेटवर सुरक्षारक्षक, आत जाऊन दाराशी उभं राहण्याची सोय नाही. कामगार कंत्राटदाराच्या बसमधून येतो. कंत्राट बदललं की माणूस दुसऱ्या गेटवर. माझ्या ओळखीचा एक मुलगा तरसालीच्या आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडला. तीन कंपन्यांत त्याने पॅकिंगच केलं. लेथला त्याचा हात लागलाच नाही. काकांकडे आलेला पोऱ्या पहिले सहा महिने लोखंडाचा कीस झाडायचा, मग कानस धरायचा, मग व्हर्निअर. पाच वर्षांनी त्यातलाच एखादा कर्ज काढून समोरच्या गल्लीत स्वतःची शेड टाकायचा आणि काकांचं गिऱ्हाईक पळवायचा. काका चिडायचे, आणि उद्घाटनाला पेढे घेऊन जायचे. त्या काळच्या शेडांत पगार तुटपुंजा होता, बोटं जायची, विम्याचं नाव नव्हतं; तेही विसरता येत नाही. कंत्राटी मुलाला निदान हेल्मेट मिळतं. पण त्याची स्वतःची शेड कधी उभी राहील असं मला दिसत नाही.

पाण्याचा हिशेब वेगळाच. नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी समुद्राकडे नेणारा सुमारे पंचावन्न किलोमीटरचा कालवा १९८३ पासून आहे. त्या मानाने लेथ-वेल्डिंगचा उद्योग निरुपद्रवी म्हणायचा. तरी प्रत्येक वसाहत आणि प्रत्येक सोसायटी पावसाच्या पाण्याची थोडी जागा खाते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने ती सगळी एकदम परत मागितली. मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. शेडांत पाणी शिरून किती मोटारींचं वाइंडिंग गेलं, ते कोणी मोजलं नाही.

जीआयडीसीने नवे भूखंड जरूर पाडावेत. बडोद्याला त्यांची गरज आहे. फक्त मोठ्या भूखंडाच्या करारात एक अट घालावी: आवारात चार-सहा मशीनची एक शेड शिकाऊ मुलांसाठी, आणि तिथे मशीनवर प्रत्यक्ष हात बसवणारा एक पगारी उस्ताद. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, आयटीआय आहेत, आणि हात बसलेली म्हातारी माणसं मकरपुऱ्यात अजून आहेत, त्यांना विचारायला कोणी गेलेलं नाही. करारात इतकी कलमं असतात, त्यात ही एक ओळ सहज मावेल.