खिडकीबाहेरची मांडवी

"अंकल, हात लावूं नाकात," गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलगी कोंकणीतून म्हणाली, आणि मी चोरी पकडली गेल्यासारखा हात मागे घेतला. तिला वाटलं, मी कलाकृतीला हात लावतोय. मी चाचपत होतो ती खिडकीची चौकट. १९८६च्या पावसाळ्यात याच खिडकीपाशी मी आजोबांच्या पेजेचा डबा उघडून ठेवायचो.

ही इमारत आम्हा पणजीकरांच्या लेखी 'इस्पितळ'. १८४२ साली सुरू झालेल्या 'इश्कोला मेदिका'चा वारसा सांगणारं गोवा मेडिकल कॉलेज इथं होतं. माझी आई इथंच सिस्टर होती, त्यामुळे शाळा सुटल्यावर मी घरी कमी आणि या व्हरांड्यांत जास्त असायचो. नव्वदच्या दशकात इस्पितळ बांबोळीला गेलं. २००४पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला, तेव्हा या वास्तूला नवं काम मिळालं आणि मागच्या आवारात चित्रपटगृहं उभी राहिली. डिसेंबरात इथं कलाप्रदर्शन लागतं. त्यासाठीच मी पुण्याहून आलो, असं घरी सांगितलं होतं.

आजोबा डिचोलीहून इथं दाखल झाले होते ते आठ दिवसांसाठी. राहिले दोन महिने. त्यात ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला. त्याला पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. मग पलीकडची सगळी माणसं फेरीबोटीवर आली. आत्या डिचोलीहून बसनं बेतीला यायची, रांगेत भिजत उभी राहायची आणि साडीचा काठ पिळतच वॉर्डात शिरायची. आजोबांना तिच्या येण्याची वेळ कळावी म्हणून मी खिडकीत उभा राहून नदी बघायचो. "धक्क्याला लागली काय रे?" ते विचारायचे. इथून धक्का दिसत नसे. दिसायचं ते फक्त गढूळ पाणी आणि वाहून आलेली झाडं. तरी मी "लागली" म्हणायचो, कारण त्यानंतर ते दोन घास जास्त जेवायचे.

आज त्या वॉर्डात पांढरी कापडं छतापासून लोंबत होती. खिडक्यांना काळे पडदे. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून पाण्याचा खळखळाट. नदीवरचं काही असावं. बाहेर शंभरेक पावलांवर खरी मांडवी, आणि तिला झाकून आत हे पाणी वाजवलेलं. हसू आलं. पण कलाकाराशी भांडण नाही. फिनेलचा वास गेला, भिंतींची डागडुजी झाली, लोक येतात. पाडून टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पणजीला या बाबतीत जुनी सवय आहे. आदिलशहाच्या महालात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिला, मग तिथं सचिवालय आलं. विधानसभाही तिथंच भरायची, २०००मध्ये पर्वरीला जाईपर्यंत. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दाराशी जॉर्ज कोलासोनं रंगवलेल्या निळ्या फरश्या आहेत. मध्यवर्ती ग्रंथालय त्या इमारतीत होतं तेव्हा पावसात अडकलो की त्या फरश्यांवरची जहाजं बघत बसायचं. पुस्तकं पाटो भागात गेली. फरश्या जागच्या जागी. इमारतीनं धंदा बदलला म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही.

माझा गळा दाटला तो बाहेर आल्यावर. रस्ता ओलांडून नदीकाठी गेलो तर नदी दिसायलाच तयार नाही. कॅसिनोची जहाजं नांगर टाकून उभी, एकेकावर दिव्यांची रोषणाई, काठावर त्यांच्या पाट्या. आमच्या वेळी खनिजाचे बार्ज मुरगावकडे जायचे. तेही काही देखणे नव्हते, काठाला लाल चिखल असायचाच. पण ते येत आणि जात. ही जहाजं कुठं जात नाहीत. घरांचा वापर बदलतो ते कळतं, इथं तर नदीचाच वापर बदललाय. तिला मोठं वाहनतळ करून टाकलंय. वारसा इमारतींच्या यादीत नदीला जागा नसते, म्हणून तिच्या डागडुजीचा फलकही कुणी लावत नाही.

संध्याकाळी काही काम नसताना बेतीच्या फेरीत चढलो. पायी माणसाला तिकीट नाही, ही एक गोष्ट अजून तशीच. चढणाऱ्यांत बहुतेक कामावरून घरी परतणारे. कुणी भाजीची पिशवी पायांत धरलेली, कुणी फोनवर. डेकवर डिझेलचा तोच वास. मधोमध पोचल्यावर मागे वळून मी पश्चिमेला इस्पितळाचं छप्पर शोधू लागलो. एका जहाजामागून दुसरं, दुसऱ्यामागून झाडं. मग दोन जहाजांच्या फटीत एक कौलारू कड दिसली. तीच असावी. खिडकी मोजायला गेलो तोवर फट मिटली.

आत्याला इथूनच दिसत असेल का ते छप्पर? विचारायचं राहून गेलं.

फेरीची लोखंडी फळी बेतीच्या उतारावर खरडली. मी अजून मागेच बघत होतो. स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला.

"अंकल, फुडें सरात."