मनातलं बोलून दाखव!

पूर्वी मुलगी दाखवायची वेळ आली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका बजावत, "विचारलं तेवढंच बोल, आणि मान खाली घालून बोल." ते दाखवणं आता बरंचसं मागे पडलं, पण खाली घातलेली मान अजून पुरती वर आलेली नाही. हे मला जाणवलं ते एका नोकरीच्या मुलाखतीमुळे.

आमच्या खोताच्या वाडीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. मी एका क्लासमध्ये अर्धवेळ मराठी शिकवते, तिथली. यंदा ती संगणकाची इंजिनिअर होते आहे. सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत घरीच, लॅपटॉपसमोर होती. आईने तासभर कुकर लावला नाही, मिक्सर बंद ठेवला, धाकट्याला शेजारी धाडलं. समोरच्या साहेबांनी कोडं घातलं: गणितातल्या कंसांची लांबलचक ओळ आहे, उघडलेला प्रत्येक कंस योग्य जागी बंद झालाय का, हे संगणकाने कसं ओळखावं?

पोरीला उत्तर सुचलं होतं. पण पुरती खात्री नसताना बोलायचं कसं? साहेबांनी दोनदा सांगितलं, "काय विचार करताय ते बोलत राहा." ही आपली गप्पच! आठ दिवसांनी नकार आला.

"बाई, येत होतं हो मला!" ती रडवेली होऊन सांगत होती.

मी बी. ए. झालेली, संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. म्हटलं, "अगं, मग मलाच समजावून सांग की."

"बाई, ताटांची चवड असते ना? शेवटी ठेवलेलं ताट आपण आधी उचलतो. तसंच. कंस उघडला की एक ताट ठेवायचं, बंद झाला की वरचं उचलायचं. ते त्याच्याच जोडीचं हवं. मधे कमी पडलं नाही आणि शेवटी एकही उरलं नाही, म्हणजे ओळ बरोबर."

मला चटकन कळलं! त्या चवडीला 'स्टॅक' म्हणतात म्हणे.

या मुलाखतीत नुसतं उत्तर पाहत नाहीत, विचाराची वाट पाहतात. कारण एकेक काम तिथे चार-सहा जणांनी मिळून करायचं असतं. चकली तुटली की आपण नाही का मोठ्याने बोलत, "मोहन जास्त झालं, की पीठ घट्ट भिजलं?" तसंच हे.

1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळूरला संगणकशास्त्र शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. मनातलं मनात ठेवलं असतं तर?

आमची मुलगी पंधरा दिवस रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मला एकेक कोडं समजावत राहिली. पुढच्या मुलाखतीत तिने सुरुवातच केली, "खात्री नाही, पण मला असं वाटतं..." तिथे तिला घेतलं.

तेव्हा मैत्रिणींनो, लेक अर्धवट काही सांगू लागली तर "आधी नीट विचार कर, मग बोल" म्हणून तिला थांबवू नका. हातातली पोळी तव्यावर टाकता टाकता एवढंच विचारा, "बरं, मग पुढे?"